कासमचा निबंध

रस्त्यावरून कापसाच्या गाड्या गेल्या, की सरकीच्या वासाने मला अकोल्याची शाळा आठवते. अमेरिकेतल्या लढाईमुळे तेव्हा आमच्याकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. आमच्या वर्गातल्या विठ्ठलने वर्गातल्याच रंगाऱ्याच्या कासमचा जुना निबंध शब्द न् शब्द उतरवून परीक्षेत स्वतःचा म्हणून दिला आणि अमरावतीच्या मोठ्या शाळेची शिष्यवृत्ती मिळवली. चोरी उघडी पडली, तरी हेडमास्तर म्हणाले, “लेकरू आहे, जाऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी विठ्ठलचे वडीलच वर्गात आले. ते कापसाचे अडते होते. त्यांच्या अंगरख्याला रुईचे तंतू चिकटले होते.

“मास्तर, नव्या कापसात कोनी जुना मिसळला, त मी गाडी परत धाडतो. मंग पोराले काहून सोडू?” मग ते मुलाकडे वळले. “सांग सगळ्याईले, निबंध कोनाचा व्हता?”

विठ्ठलला हुंदका आवरेना. “कासमचा,” तो कसाबसा म्हणाला.

परीक्षेत नवा निबंध लिहून दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या कासमकडे शिष्यवृत्ती गेली. वडील मात्र तास संपेपर्यंत विठ्ठलच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभे राहिले.

तेव्हा आम्हा पोरांना तो माणूस निर्दय वाटला होता. आता वाटतं, त्या वर्गात विठ्ठलची खरी काळजी एकट्या त्यालाच होती.