जागेवर ठेवायची चिठ्ठी

हा लेख फार उशिरा देतो आहे, त्याबद्दल सेतूराव सरांनी आणि या गौरवग्रंथाचे काम पाहणाऱ्या मंडळींनी क्षमा करावी. आधी एक चांगली बातमी हाती येऊ दे, मग लिहू, असे म्हणत मी टपालवाल्याची वाट पाहत राहिलो. बातमी आली नाही. सरांची साठी मात्र आली.

सर प्रथम आमच्या दारी आले ते जटक्याच्या घोडागाडीतून, टंकयंत्र लेकरासारखे मांडीवर धरून. कुंभकोणमात टंकलेखन आणि कचेरीकाम शिकवणारी शाळा काढायची आहे, ओसरी द्याल का, असे त्यांनी विचारले. माझे शिक्षण अर्धवट. एवढा शिकलेला माणूस हात जोडतो, म्हणून हो म्हटले. तेव्हापासून घरात दिवसभर खडखडाट.

अक्षरे दिसू नयेत म्हणून सर मुलांच्या बोटांवर फळीचे झाकण ठेवीत. कोणी बडवू लागला की ओरडत, "अरे, यंत्र आहे ते, भात कांडायचे उखळ नव्हे!" बी. ए. होऊन घरी बसलेली मुले त्यांनी मार्गाला लावली. साहेबासमोर कसे बसावे, तो खेकसला तर काय बोलावे, हे स्वतः साहेब होऊन शिकवले. मुलाखतीला आपला कोट दिला. त्या एका कोटाने निम्मी आळी परगावी गेली.

त्यांचा एक नियम होता. कपाटातून कागद काढला की त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची: कोणी नेला, कुठे नेला. चिठ्ठी विसरणाऱ्याला त्या दिवशी यंत्राला हात लावू देत नसत.

माझा माधव बी. ए. झाला, सरांच्या शाळेत पहिला आला. तेव्हाच आडुतुरैच्या एका भातगिरणीत कारकुनाची जागा निघाली. मी म्हणालो, "सर, त्याला तिथे लावा. संध्याकाळच्या गाडीने जेवायला घरी येईल."

"अप्पा, हा मुलगा तांदळाची पोती मोजायला नाही. मुंबईच्या एका मोठ्या कचेरीला मी लिहिले आहे."

आडुतुरैला दुसरा गेला. तो रोज संध्याकाळी आमच्या ओसरीसमोरून घरी जातो. माझी बायको त्याच्याकडे बघत राहते, ते मला बघवत नाही.

माधव मुंबईहून पहिल्या दिवाळीपर्यंत पत्रे पाठवत होता. मग त्याने ती कचेरी सोडल्याचे कळले. पुढे काहीच नाही. सर स्वतः मुंबईला जाऊन शोधून रिकाम्या हाती आले आणि ओसरीवर बसले.

मी म्हणालो, "सर, एवढे शिकवलेत. घरी लिहावे, हे नाही शिकवलेत?"

"ते शिकवावे लागते, हे मला ठाऊक नव्हते, अप्पा."

दुसऱ्या सकाळी त्यांनी वेळेवर शाळा उघडली. पुन्हा खडखडाट. मला राग आला, अजून आहे. पण टपालाच्या वेळी ते माझ्याआधी दारात उभे असतात, हेही लिहिले पाहिजे.

सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे पाय आणि डोळे शाबूत राहोत. त्या दारात कोणीतरी उभे राहायला हवे, आणि माझा काही भरवसा नाही.

हा ग्रंथ सरांचे विद्यार्थी जिथे जिथे कचेरीत बसले आहेत तिथे तिथे जाईल. तुमच्यापैकी कोणाच्या शेजारी माधव बसत असेल, तर त्याला रागावू नका, काही विचारू नका. तो कुठे आहे एवढेच चिठ्ठीवर लिहा. पत्ता सरांच्या शाळेचाच. लवकर कळवा.