काढून ठेवलेल्या फॅनचा आवाज

असल्या चमत्काराच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की "पुरावा काय?" म्हणून विचारणारा मी. त्यामुळे मित्र माझ्यासमोर हा विषयच काढत नाहीत. आता स्वतःच लिहायला बसलोय तर ओशाळल्यासारखं होतंय... पण अक्कासाठी लिहितोय.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. हुबळीत केशवापूरला तळमजल्यावर आमचा छोटा फ्लॅट — आमचे वडील अप्पा, अक्का आणि मी. अक्का घरी ब्लाउज शिवते आणि घरातली झाडून सगळी रिपेरीही तीच करते. मी स्टेशनरीचं दुकान सांभाळतो. खिळा ठोकायचा म्हटलं तर आधी माझं बोट सुजतं.

फ्लॅटला ओल फार. बाथरूमच्या भिंतीचे पोपडे बादलीत पडायचे. तिथल्या एक्झॉस्ट फॅनचं पातं मोडकं — घर्रर्र... टक, घर्रर्र... टक असा चालायचा. शेवटी तो बंदच पडला. अक्कानं मेन स्विच बंद करून तो काढला, वायरींना टेप गुंडाळली, नव्या फॅनसाठी भोक मोठं केलं आणि कडेनं सिमेंट लावलं. ते वाळेपर्यंत कबुतरं आत येऊ नयेत म्हणून भोकात गोणपाट घट्ट कोंबलं. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे आणि आता त्याचा धूर बाहेर जायला वाट नव्हती. म्हणून तिनं अप्पांना बजावलं, उद्या गीझर लावायचा नाही, पाणी मी शेगडीवर तापवून देते. अप्पांनी मान डोलावली. आमचे अप्पा मान सगळ्यांपुढे डोलावतात आणि करतात मनाचंच.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी अक्का मशीनवर, मी चहा घेऊन मोबाइलमध्ये. अप्पा कधी अंघोळीला गेले ते कळलंच नाही. मग बाथरूममधून आवाज आला — घर्रर्र... टक. इतका सवयीचा, की मला काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, कोंदट वास जाईल म्हणून.

अक्काचं मशीन थांबलं. "फॅन मी काढलाय की रे," ती म्हणाली. "हा कुठला वाजतोय?"

वरच्यांचा असेल, मी म्हटलं. माझं बोलणं संपेपर्यंत ती छिन्नी घेऊन दाराशी पोचली होती. दोन हाका मारल्या, आतून ओ आली नाही, तशी तिनं दाराची कडीच उचकटली.

दार उघडलं आणि आवाज बंद. अप्पा स्टुलावरून भिंतीला कलंडलेले, गीझर पेटलेला. अक्कानं नाकाला पदर लावून गीझर बंद केला आणि अप्पांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं. "पाय धर," ती मला म्हणाली, तेव्हा कुठे मी हललो. शेजारचे बसण्णा "एनात्री?" — काय झालं? — म्हणत धावत आले. त्यांच्याच ऑटोतून आम्ही हॉस्पिटल गाठलं. तिच्या हाताला छिन्नी लागून रक्त येत होतं, ते तिला तिथल्या नर्सनं दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या गॅसनं झालं, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

अप्पा नीट बोलायला लागल्यावर मी घरी येऊन सगळं तपासलं. गोणपाट तसंच घट्ट. वायरींची टेप तशीच. जुना फॅन मागच्या गॅलरीत कागदावर पडलेला. आणि वरचा फ्लॅट तर कधीपासून कुलूपबंद, तिथे वीजसुद्धा नाही — हे मला आधी आठवायला हवं होतं. भास म्हणावा, तर दोघांना एकदम कसा? अप्पांना मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी अजूनही अक्काला विचारत असतो, तो आवाज कसला गं असेल? परवा तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "ते शोधत मी बसले असते, तर अप्पा राहिले असते होय?"

खरं सांगू? आवाजापेक्षा मला तिचंच नवल जास्त वाटतं. तोच आवाज मीही ऐकला होता आणि चहा पीत बसलो होतो. बाहेर अप्पा मला हाका मारताहेत, आता उठतो.