भांडी हलवणारा आखूड ट्युबा

"भावजी, ह्ये उठंनात… पर भांडी तर आत्ता हालली वो!" शालन वहिनींचा हा फोन आला तेव्हा मी कराडात घरीच होतो. सर्जेराव गेला एवढं कळलं, भांड्यांचं मात्र काही उमगेना. दीड महिना होत आला, ते वाक्य पाठ सोडत नाही.

फौजेच्या बँडमध्ये मी कॉर्नेट वाजवायचो, सर्जेराव ट्युबा, म्हणजे खर्जात घुमणारं ते अवजड पितळी वाद्य. निवृत्तीनंतर तो कोयनानगरला राहिला, वरातीत वाजवू लागला. मग काळजानं दगा दिला. वजन उचलायचं नाही, फुंकायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण हा पठ्ठ्या ऐकतोय कुणाचं! "आखूड ट्युबा घिऊ रं गड्या. हलका, पर आवाज दांडगा." असा संताप आला मला! तरी त्याला एकट्याला सांगलीला सोडवेना, गेलो सोबत.

दुकानात त्यानं पिशवीतून घरची ताटली-वाटी काढून फळीवर मांडली. एकेक ट्युबा फुंकायचा आणि डोळे ताटलीवर. उंच, चकचकीत वाद्यांना ती दाद देईना. कोपऱ्यातल्या एका बुटक्या, रुंद तोंडाच्या ट्युबानं मात्र वाटी ताटलीत थरथरत सरकली. "ह्योच!" म्हणाला आणि भिंतीला टेकून धापा टाकत राहिला. ओठ निळे पडले होते. "सर्ज्या, ठेव तो खाली," मी ओरडलो. त्यानं तो पोटाशी आणखी घट्ट धरला.

या ताटली-वाटीचं कारण होतं. वहिनींना कानानं कमी ऐकू येतं आणि त्याच्या छातीची त्यांना सतत धास्ती. तो आतल्या खोलीत दार लावून खर्ज धरायचा, स्वयंपाकघरातली मांडणी हलायची. "भांडी हालत्यात तवर मी हाय. सारखं डोकावू नगंस," असं त्यानं सांगून ठेवलेलं. कोयनानगरात भांडी हलली की माणसं आधी अंगणात धावतात. पहिल्या दिवशी तर अख्खी आळी बाहेर! पुढं वहिनींनी धावणं सोडलं. मी थट्टेनं म्हणालोही होतो, "वहिनी, खरा भूकंप आला तरी तुम्ही भाकरीच थापत बसाल." तेव्हा तिघंही हसलो होतो…

त्या दुपारी बारीकसा धक्का बसला. आळी बाहेर पळाली. मांडणी हलताना बघून वहिनी निर्धास्त झाल्या, चहा ठेवला, कप घेऊन आत गेल्या. तो खुर्चीत होता, ट्युबा मांडीवर. जीव जाऊन बराच वेळ झालाय, असं डॉक्टर म्हणाले.

परवा वहिनींकडे गेलो होतो. मांडणी रिकामी केलीय, फक्त ती ताटली-वाटी ठेवलीय. आतल्या खोलीचं दार लावलेलं. बोलता बोलता वाटी थरथरली. मी ताडकन उठलो. वहिनींनी माझा हात धरला.

"बसा भावजी. ह्ये वाजवत्यात."

मी बसलो. बाहेरून कुणीतरी आम्हाला हाका मारत होतं.