घाणेरीची राखण

धरणगावच्या शिवारात लाडकुंवरअक्कांच्या घरचं पडीक रान आहे. दुकान मुलगा पारस बघतो. अक्कांचा जीव मात्र रानातल्या चार-पाच भाकड गायींत. कुणाला नकोशी झालेली गाय त्या ठेवून घेतात.

यंदा ऐन पर्युषणात बोदवडहून एक पांढरी गाय आली. पावसाने दडी मारलेली, गवत खुरटं. जुन्या गायी सहसा बांधावरच्या घाणेरीच्या विषारी झुडपांना तोंड लावत नाहीत. ही नवी आणि भुकेली. तिने पोटभर ओरबाडली. मग चारा सोडला. डोळे पिवळे झाले, नाकपुडीला भेगा पडल्या, पाठीची कातडी उन्हाने सोलवटू लागली. डॉक्टरांनी औषध दिलं. म्हणाले, उन्हात आणू नका, बाकीच्यांनाही घाणेरीपासून लांब ठेवा. हिचं काही सांगता येत नाही.

गोठा सांभाळणारी भिकुबाई कुदळ घेऊनच आली. "बठ्ठी उपटी टाकूत, अक्का."

अक्का घुटमळल्या. पर्युषणात हिरवं पान तोडायचं नाही, हा जैनांचा नेम त्या लहानपणापासून पाळत आलेल्या. भिकुबाई म्हणाली, पाप माझ्या माथी, तुम्ही घरी जा. पण करवून घेणं म्हणजे आपणच करणं, हेही त्यांना ठाऊक होतं. कडबा संपलेला, त्यामुळे गायी बांधून ठेवण्याचीही सोय नव्हती. शेवटी म्हणाल्या, "पर्युषण सरू दे, मग काढू."

"तवलग गायी लांब राहतीन का?" भिकुबाईने विचारलं.

"मी उभी राहते," अक्का म्हणाल्या.

आणि खरंच उभ्या राहिल्या. गुडघे दुखणारे, दिवसातून एकदाच जेवण, तरी सकाळपासून काठी घेऊन बांधावर. मनात नवकार मंत्राचा जप, नजर गायींच्या तोंडाकडे. एखादी झुडपाकडे वळली की काठी आडवी धरायच्या. मध्येच गोठ्यात जाऊन पांढरीची पापणी उचलून बघायच्या. पिवळेपणा हटत नव्हता. घरी पारसला विचारायच्या, मी चुकतेय का रे?

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीचं प्रतिक्रमण आटोपून त्या तडक गोठ्यात आल्या. पांढरीपुढे बसून क्षमा मागत म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." तिने मानही वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घाणेरीपुढे हात जोडले. मग भिकुबाईला म्हणाल्या, "मुळासकट काढ. तुकडा राहिला तर परत फुटेल."

बांधावर कुदळ चालू झाली आणि अक्का भिजवलेली सरकीची ढेप घेऊन गोठ्यात गेल्या. पांढरीने हुंगून तोंड फिरवलं. बऱ्याच वेळाने जीभ काढून जराशी चाटली. अक्कांनी कुणाला हाक मारली नाही. टोपलं धरून तशाच बसून राहिल्या.