खड्ड्यातून येणारा ओके

आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा सगळा संसार ओके या एका शब्दावर चालायचा. काम झालं की ओके, चहा हवा का विचारलं तरी ओके, आणि राग आला की तोच शब्द लांबवून. त्यांची बायको म्हणायची, "मला होकारसुद्धा ओके म्हणूनच दिला. जशी काही लिफ्टच पास केली."

कामात मात्र त्या शब्दाला एकच अर्थ होता. त्यांचा जोडीदार लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचा आणि मिस्त्री गच्चीवरच्या मशिनखोलीत थांबायचे. खालून त्याचा ओके आल्याशिवाय खटका दाबायचा नाही.

जोडीदार घरीच, झोपेत गेला. त्यानंतर मिस्त्री पहिल्यांदा एकटे आले. दुरुस्ती झाली, पण खटका दाबायला हात उठेना. ते खाली आले.

"आज चालू झाली नाही तर कंपनी मला घरी बसवेल," ते म्हणाले.

"खड्ड्यात कुणी नाही, मिस्त्री," रखवालदार म्हणाला. "हवं तर मी म्हणतो ओके."

"तुझा चालायचा नाही, बाबा."

ते स्वतः खड्ड्यात उतरले. मी तळमजल्यावरच्या माझ्या घराच्या दारात उभी होते. आतून ओके आला. मिस्त्रींचा आवाज बारीक. हा जाड होता, घोगरा, जोडीदाराचा.

ते वर आले, गुडघे झटकले. "ऐकलंत ना, ताई?"

"ऐकलं."

मग ते जिने चढून गेले आणि लिफ्ट सुरू झाली.

अजूनही ते दर वेळी आधी खड्ड्यात उतरतात. तेवढा वेळ मी माझं दार लावून घेते.