बद्द वाजलेला रांजण

जैनोद्दीन आणि गोरोबा कुंभार यांची पहिली भेट एका गाढवानं घडवून आणली. गाढव गोरोबाचं. त्या दिवशी ते उमरग्याच्या सडकेवरून जे निघालं, ते सरळ जैनोद्दीनच्या नव्याकोऱ्या दालनात शिरलं आणि शिरताना दारावरचा पडदा उपरण्यासारखा गळ्यात घालूनच आत गेलं. बघणारे सांगतात, की सोलापूरकडं निघालेल्या लॉऱ्या थांबल्या, हैदराबादची मोटार थांबली, तहसील कचेरीतला शिपाई हातात शिक्का तसाच धरून पळत आला, आणि उमरग्याच्या इतिहासात प्रथमच, आत काही फुकट वाटत नसताना, एका दुकानापुढं गर्दी झाली. आत गाढव 'सांज, क्रमांक दोन' या चित्रापुढं उभं होतं. नुसतं उभं नव्हतं. एक कान पुढं आणि एक मागं ठेवून, मान तिरकी करून बघत होतं. दालन उघडल्यापासून त्या चित्रापुढं इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं. जैनोद्दीनला त्याला हाकलणं जिवावर आलं.

मागोमाग पागोटं सावरत गोरोबा आला.

"दलाल तुमीच का?"

"कसला दलाल?"

"आता कसला म्हंजे? ह्ये गाढव इकायचंय. समदं गाव म्हनतंय, सडकेवर नवा दलाल बसलाय. पाटी बी लावलीया म्हनं."

पाटी होती, यात शंका नाही. जैनोद्दीननं ती स्वतः रंगवली होती आणि तिच्याइतकी देखणी पाटी चार तालुक्यांत नव्हती. पण जैनोद्दीनचं सगळं शिक्षण निजामाच्या अमलात उर्दूतून झालेलं. संस्थान विलीन झालं, कचेऱ्यांची भाषा बदलली आणि हा मिशा फुटलेला माणूस पुन्हा अआइई गिरवायला बसला. त्याला लिहायचं होतं 'कला दालन'. लिहिताना 'द'चा काना उडी मारून पुढच्या 'ल'वर जाऊन बसला आणि शेवटच्या 'न'चाही 'ल' झाला. 'कला दलाल.' त्यातही गावानं 'कला'चा 'काळा' केला. पाटी त्यानं दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली. गावाच्या तोंडातली पाटी मात्र तशीच राहिली. दालन बंद होईपर्यंत बैलवाले, म्हैसवाले आणि एकदा तर एक वरपिता चौकशीला येऊन गेला.

गाढव विकलं गेलं नाही. पण ते हाकलता हाकलता जैनोद्दीनला कळलं, की हा माणूस मूळचा तेरचा, सासुरवाडीमुळं उमरग्याला आलेला, आणि त्याच्या हातची मडकी अशी सुबक असतात की डोक्यावर घेतली की बाईची चालच बदलते. गोरोबाला कळलं, की या माणसाला मातीवर काचेचा लेप चढवायची विद्या हैदराबादच्या चित्रशाळेत शिकवलेली आहे. दोघांनी दालनामागं भट्टी बांधली. पहिल्या भाजणीत सगळी भांडी एकमेकांना चिकटून एकच भांडं निघालं. जैनोद्दीननं तेही 'कुटुंब' असं नाव देऊन मांडून ठेवलं.

असं ते दालन. भिंतींवर जैनोद्दीनची चित्रं, ज्यांत बाई बाईसारखी दिसत नसे आणि बैल बैलासारखा; खाली चौरंगांवर निळी-हिरवी भांडी. जागा थोरल्या भावाची, खाजाभाईची. खाजाभाईच्या दोन लॉऱ्या होत्या आणि जगाकडं पाहायची एक पद्धत होती: लोखंडी पहार घेऊन टायरवर ठोका द्यायचा. टण् वाजलं की माल चांगला. तो पाहुण्यांच्या पाठीवर थाप मारायचा तीही याच हिशेबानं.

"जैनू," त्यानं सांगून टाकलं होतं, "येरमाळ्याच्या जत्रेला माझ्या लॉऱ्या जातील. येताना सोलापुरातून टायरचा माल येईल. तवर तुझ्या ह्या कारखान्यातली एक तरी चीज परक्या माणसानं विकत नेली पायजे. सोयऱ्या-धायऱ्यानं कीव करून नेलेली चालायची न्हाय. न्हाय गेली, तर टायर हितंच उतरणार."

"भाईजान, ही कला हाय. टाइम लागतो."

"टायरला बी लागतो. पर त्यो झिजून तरी दिसतो."

जत्रा चैत्रात. शिमगा होऊन गेला तरी कुणी काही नेलं नव्हतं. लोक येत, नाही असं नाही. पण येणारा प्रत्येक माणूस आत पाऊल टाकताच बोटाचं पेर वाकवून भांड्यावर टिचकी मारी. भांडं म्हटलं की आधी वाजवायचं, हे आपल्याकडं आईच्या दुधाबरोबर येतं. काही जण चित्रंही वाजवून बघत. जैनोद्दीननं 'वाजवू नये' अशी पाटी लावली, तर लोक ती पाटी वाजवून बघू लागले.

मग तो रांजण झाला. गोरोबानं तो चाकावर आणि थापीनं मिळून घडवला; रुंद तोंडाचा, माणसाच्या छातीला लागेल एवढा. जैनोद्दीननं त्यावर असा निळा लेप चढवला, की भट्टी उघडली तेव्हा दोघंही तो गार व्हायच्या आत हात लावायला धावले. गोरोबानं टिचकी मारली. खण्ण! तो आवाज अंगणभर फिरला. रांजण दालनाच्या मधोमध ठेवला गेला, वर त्याच निळ्याचं झाकण.

जैनोद्दीनची बायको जमिलाबी तेवढी हळहळली. ती अंगणात चिंच फोडत बसली होती. त्या साली झाडांनी कहर केला होता, आणि चिंचोके काढून मीठ लावलेली चिंच घरात ठेवायला जागा उरली नव्हती.

"एवढा मोठा रांजण, आन् आत काय न्हाय?"

"त्यो बघायचा असतो, जमिला."

"बघायला भाएरून लागतंय. आतल्या जागेनं तुमचं काय घोडं मारलं?"

जैनोद्दीन रांजणावरची धूळ झटकायला आत निघून गेला.

आणि मग माणिकप्पा आले. सोलापूरकडचे बडे कंत्राटदार. हैदराबादेत हॉटेल बांधत होते. मोटारीचं रेडिएटर तापलं म्हणून थांबले, पाणी मागायला आत शिरले, आणि रांजणापुढं उभे राहिले. घाईत होते, हात पाठीमागं बांधलेले, पण निघताना म्हणाले, "हॉटेलात शिरल्या शिरल्या समोर हाच पाहिजे. जत्रेच्या आदल्या दिवशी परत येतो, गाडीत पेंढा घालून. मागं भिंतीला तुमची चित्रंही लागतील. चांगली सहा निवडून ठेवा."

त्या दिवसापासून जैनोद्दीनचं जेवणावरचं लक्ष उडालं. जमिलाबीनं वाढलेली भाकरी तो पाण्यात बुडवून खाई आणि कालवण पिऊन टाकी.

आदला दिवस उजाडला. गोरोबा नवं उपरणं घालून आला. आपल्या पोराला नवरदेव म्हणून घोड्यावर बसवताना बाप जसा एकदा कुरवाळतो, तशी त्यानं रांजणाला टिचकी मारली.

बद्द.

गोरोबाचा चेहरा मातीसारखा झाला. त्यानं दुसऱ्या अंगाला टिचकी मारली. बद्द. खाली मारली. बद्दच.

"मास्तर, तडा गेला."

"कुठं? दिसत तर न्हाय."

"दिसायचा न्हाय. आतनं गेलाय. लेपाखाली."

"झाकण काढून बघू की."

"ह्या कानानं सांगितल्यावर डोळ्याला काय इचारायचं?" गोरोबा दुखावून म्हणाला. "कुंभाराच्या घरात जन्मलोय. बद्द म्हंजे फुटका." आणि त्यानं कोपऱ्यातली काठी उचलली. फुटकं भांडं कुंभारानं आपल्या हातानं फोडायचं, दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायचं नाही, हा त्याच्या घरचा रिवाज.

जैनोद्दीननं धावत जाऊन रांजणाला मिठी मारली. "गोरोबा, पाया पडतो! आज न्हाय! ह्यात कुणी पाणी भरणार न्हाय. हॉटेलात नुसता उभा ऱ्हाणार."

"म्हंजे फुटका रांजण इकायचा?"

"रांजण न्हाय, कला!"

"कलेला तडा चालतोय व्हय?"

जैनोद्दीनच्या डोळ्यांपुढं टायर दिसत होते. काळे, गोल, भिंतीला टेकून उभे, 'सांज, क्रमांक दोन'च्या जागी. तो रांजणाला तसाच बिलगून राहिला. शेवटी गोरोबानं काठी खाली ठेवली. "म्या बोलनार न्हाय," तो म्हणाला. "पर खोटं बी बोलनार न्हाय. भाएर बसतो." तो उंबऱ्याबाहेर जाऊन बसला आणि त्यानं तोंडात तंबाखूचा असा बार भरला, की बोलायची इच्छा झाली तरी सोय राहू नये.

माणिकप्पांची गाडी आली. गाडीत खरोखरच पेंढा होता. भाऊ काय दिवे लावतो ते बघायला खाजाभाईही येऊन दाराशी टेकला. माणिकप्पांनी रांजणाभोवती एक फेरी घातली. दुसरी घातली. हात अजून पाठीमागं होते. जैनोद्दीन त्या हातांकडं बघत होता. जगात त्या वेळी त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. एक हात सुटला. हातानं कपाळावरचा घाम पुसला आणि तो पुन्हा मागं गेला.

"चित्रं ही सहा? बरी वाटतायत. यातली बाई कुठली?"

"ती... ती झाड हाय, साहेब."

"असू दे. हॉटेलात कोण विचारतंय. चला, उचला माल."

उचला! जैनोद्दीन पहिलं चित्र खिळ्यावरून काढायला वळला. खाजाभाईचा तर चेहरा उजळून निघाला. आपला येडा भाऊ जिंकला, हे बघून या लॉरीवाल्याला एकाएकी भरून आलं, आणि भरून आलं की तो जे करतो तेच त्यानं केलं.

"असं कसं उचला, साहेब?" तो छाती काढून पुढं आला. "वाजवून घ्या! आमच्या जैनूचा माल हाय. फसवाफसवी न्हाय आमच्यात!"

"भाईजान, नको..."

खाजाभाईनं बोटातल्या चांदीच्या अंगठीनं रांजणावर दणका दिला.

बद्द.

बाहेर गोरोबाला ठसका लागला.

माणिकप्पांची मान वळली. जन्मभर विटेवर वीट आपटून घेणारा माणूस. त्याला हा आवाज समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी पाठीमागचा हात काढला आणि स्वतः टिचकी मारली. मग जैनोद्दीनकडं पाहिलं.

"मास्तर, तडा आहे का ह्याला?"

'न्हाय' म्हणायला फार काही लागत नव्हतं. तडा दिसत नव्हता, कुणाला दाखवता येत नव्हता. काचेच्या लेपामुळं आवाज असाच येतो, असं ठोकून दिलं असतं तर माणिकप्पांनी मानही डोलावली असती, कारण काचेच्या लेपातलं उमरग्यात दुसऱ्या कुणाला काय कळत होतं? जैनोद्दीननं भिंतीवरच्या चित्रांकडं पाहिलं, उंबऱ्याबाहेरच्या उपरण्याकडं पाहिलं. ते उपरणं हलत नव्हतं.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "फुटका हाय."

"खरं बोललात, बरं वाटलं," माणिकप्पा म्हणाले, आणि ते खरंच बरं वाटलेल्या माणसासारखे निघाले. दारात थांबून त्यांनी चित्रांकडं एकदा पाहिलं. "चित्रंही राहू द्या आता. भांडं निदान वाजवल्यावर कळलं. चित्राचं तर तेही कळायचं नाही."

मोटार हैदराबादच्या दिशेला गेली. धुरळा खाली बसायच्या आत गोरोबा काठी घेऊन आत आला. जैनोद्दीननं या वेळी त्याला अडवलं नाही. खाजाभाई अंगठी चोळत भिंतीकडं बघत होता. काठी वर गेली.

"अजी, थांबा!" मागच्या दारातून जमिलाबी किंचाळत आली. "माझी चिंच हाय त्यात!"

काठी वरच राहिली.

"चिंच?" जैनोद्दीन म्हणाला.

"मग कुठं ठेवायची? सालभराची चिंच. घट्ट दाबून बसवलीय, मीठ घालून. आज नेणार हे मला कुणी सांगितलं? तुमच्या बघण्यात काय कमी झालं का?"

गोरोबानं झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात घातला. काळ्या चिंचेचे गोळे निघत गेले. टोपली भरली, परात भरली, खाजाभाईनं स्वतःचा रुमाल पसरला. रांजण रिकामा झाला. गोरोबानं टिचकी मारली.

खण्ण!

तो आवाज तहसील कचेरीपर्यंत गेला म्हणतात.

"मास्तर," गोरोबा म्हणाला. "माज्या कानाला..." पुढं त्याला बोलता येईना, आणि या वेळी तोंडात तंबाखू नव्हती.

"लॉरी काढतो!" खाजाभाई ओरडला. रांजण पोत्यांत गुंडाळून लॉरीत चढवला, जैनोद्दीन आणि गोरोबा त्याला दोन्ही बाजूंनी मिठी मारून बसले, आणि खाजाभाईनं लॉरी अशी हाणली, की वाटेतल्या बैलगाड्या आपण होऊन शेतात उतरल्या. तो आता आपल्या अटीचा हिशेब करत नव्हता. दर खड्ड्याला तो मान काढून मागं ओरडे, "वाजवून बघ रं!" आणि मागून टिचकीचा आवाज येई, खण्ण, की तो आणखी जोरात निघे. म्हैसूर राज्याच्या नाक्यावर लॉरी अडवली. परवाना नव्हता, म्हणून पुढं सोडेनात. तशी मोटार मघाच गेली, असं नाक्यावरच्या शिपायानं सांगितलं. रांजणात काय आहे म्हणून त्यानं विचारलं, तर तिघांनी एकदम सांगितलं, "काय न्हाय." त्यावर त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्यानं टिचकी मारून खात्री करून घेतली.

माणिकप्पा पुन्हा आले नाहीत. जत्रेहून लॉऱ्या परतल्या आणि टायर दालनात उतरले. जैनोद्दीनला कळंबच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी लागली आणि रिटायर होईपर्यंत त्यानं तीच केली. रांजण टायरच्या दुकानात राहिला; त्यात पाणी भरून, ट्यूब बुडवून पंक्चर शोधत असत. तो कधी गळला नाही.