खिशातलं रबर

माझ्या मेहुण्याला बाजारात सगळे भिंगरी म्हणतात. पायाला भिंगरी म्हणतात ना, ती. जेवताना तो उठून नळ बंद आहे का बघून येतो. नळ बंदच असतो. त्याची ताई, म्हणजे माझी बायको, म्हणते, याला पाळण्यातसुद्धा बांधून ठेवावं लागायचं.

पण हा माणूस गाडीत पेडलांवर धातूची कव्हरं बसवायला आडवा झाला की दगडासारखा पडून राहतो. कंबर दाराच्या पट्टीवर, डोकं खाली ब्रेकपाशी, पाय बाहेर फरशीवर, टॉर्च दातात. तासभर असं पडून पाहा, मग कळेल. मी अडतीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. माझी पाठ हे काम करणार नाही.

त्याचं दुकान एका गाडीपुरतं आहे. सीटची कव्हरं, हॉर्न, आरसे, पायपुसणी, सगळं विकतो. पण ओळख पेडलांची. निवृत्त झाल्यापासून मी सकाळी तिथे जाऊन स्टुलावर बसतो. घरी बसलो तर बायको भाजी निवडायला लावते.

कव्हर बसवायची त्याची रीत ठरलेली. पेडलावरचं जुनं रबर ओढून काढायचं. वर चकचकीत पत्रा, मागे पट्टी, मधे पेडल, चार स्क्रूंनी आवळायचं. मग पेडल शंभर वेळा दाबायचं, पूर्ण जोर लावून. धातू धातूवर बसतो, अंग मोडून घेतो, आणि घट्ट वाटलेला स्क्रू अर्धा आटा ढिला पडतो. तेव्हा दुसऱ्यांदा आवळायचं. त्याला तो दुसरा फेरा म्हणतो. बाजारातले बाकीचे एकाच फेऱ्यात गाडी सोडतात. त्यांची कव्हरं सहा महिन्यांत खुळखुळतात.

आणि एक गोष्ट. दुसरा फेरा होईपर्यंत ब्रेकचं जुनं रबर त्याच्या शर्टाच्या खिशात असतं. फेरा झाला की ते गिऱ्हाइकाच्या हातात. खिसा रिकामा तर काम पुरं. डोक्यावर भरवसा नाही, खिशावर आहे, असं तो सांगायचा. मला हे पटायचं. कारखान्यात आम्हीही खडूची खूण करायचो.

त्या दिवशी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानवाल्या बाई आल्या. लेकीकडे निघाल्या होत्या, डोंगरापलीकडे. कव्हरांचा सेट जावयाने भेट पाठवला होता. दोन महिने डिकीत पडून होता. आज बसवला नाही तर तिकडे तोंड दाखवायला जागा नाही, असं म्हणाल्या. भिंगरी आडवा झाला. क्लच, ॲक्सिलरेटर पुरे केले. ब्रेकचा पहिला फेरा झाला, शंभर वेळा दाबून झालं, आणि तेवढ्यात समोरच्या सीटवाल्याने हाक मारली. कापड चुकीचं आलं होतं. हा उठला आणि गेला. पाच मिनिटांत येतो म्हणाला. भिंगरीची पाच मिनिटं.

बाई सारख्या घड्याळ बघत होत्या. मला विचारलं, झालं का? मी वाकून बघितलं. तिन्ही पेडलं लखलखत होती. मी म्हणालो, झालं. किल्ली दिली. त्या गेल्या.

तासाने भिंगरी आला. गाडी नाही हे बघून खूश झाला, वेळेत निघाल्या म्हणाला. मग घाम पुसायला रुमाल हवा म्हणून खिशात हात घातला, आणि हात तिथेच राहिला. रबर बाहेर काढलं. काळं, मधे झिजलेलं. माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं.

फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना त्या फोन उचलत नाहीत, अख्ख्या बाजाराला माहीत आहे. पुन्हा लावला. सात वेळा लावला. मी म्हणालो, थांब, पोचल्या की करतील. तो थांबणारा नव्हता. रबर, स्क्रू आवळायची ॲलन की, टॉर्च खिशात कोंबलं आणि स्कूटर काढली. मी मागे बसलो. चूक माझी होती, मागे राहून चालणार नव्हतं.

पत्रा ढिला झाला की खाली सरकतो. त्याची कड बुटाखाली येते किंवा बूट कडेत अडकतो. सपाट रस्त्यावर निभावतं. डोंगराच्या उतारावर निभावत नाही. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. तो स्कूटरवरही नुसता चुळबुळ करत होता. दर मिनिटाला खिसा चाचपायचा. दोनदा उगाच ब्रेक लावला. मी दोनदा त्याच्या पाठीवर आपटलो.

डोंगराच्या पायथ्याशी पंप आहे. तिथला माणूस म्हणाला, निळी गाडी, हवा भरून गेली, अर्धा तास झाला असेल. भिंगरीने पाणीही घेतलं नाही.

चढ सुरू झाला. पुढे माथा, मग उतार. प्रत्येक वळणावर माझी नजर कठड्याकडे जायची, कुठे तुटलाय का बघायला.

"भाऊजी, तिकडे बघू नका," तो म्हणाला. आरशात मी त्याला दिसत होतो.

माथा ओलांडला. उताराच्या दुसऱ्या वळणावर निळी गाडी कडेला उभी होती. दिवे लुकलुकत होते. मग बाई दिसल्या. मैलाच्या दगडावर बसून चष्मा पुसत होत्या. एका पायात बूट नव्हता.

भिंगरीने स्कूटर नीट उभीही केली नाही. ओरडतच गेला, "बाई, ब्रेक दाबू नका."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. "गाडी उभी आहे. चाकाखाली दगड लावलाय. आता काय दाबायचं?"

मग त्यांनी सांगितलं. उतार लागल्यावर पायाखाली काहीतरी सरकलं. गाडी हळू केली, हँडब्रेकने थांबवली, बूट काढून अनवाणी पायाने चाचपून पाहिलं. खालचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते.

"काडी ढिली असेल तर मी चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला डोंगरावर पाठवलंत."

भिंगरी मान खाली घालून उभा राहिला. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

"झालं असं मी सांगितलं," मी म्हणालो.

"दाबून बघितलं होतं?"

"नाही. डोळ्यांनी बघितलं."

"डोळ्यांचं मला सांगू नका," बाई म्हणाल्या.

भिंगरी आडवा झाला. पाय रस्त्यावर, जाणाऱ्या गाड्यांपासून दोन हातांवर. मी मागे उभा राहून गाड्यांना हात दाखवत होतो. त्याने पत्रा पुरा उतरवला. स्क्रू घट्ट करून चाललं असतं, पण आता त्याचा त्या पत्र्यावर विश्वास नव्हता, किंवा स्वतःवर. खिशातलं जुनं रबर काढलं आणि अंगठ्यांनी ओढून परत पेडलावर चढवलं. रबर काढणं सोपं, चढवणं नखं मोडणारं. बाईंनी बसून दहा वेळा दाबलं. बूट घातला.

जावयाला काय सांगणार, मी विचारलं. दोन पेडलं चकचकीत, मधलं काळं. त्या म्हणाल्या, सांगेन, मधला दात पडलाय.

परतताना भिंगरीने खिसा चाचपला नाही. घरी जेवायला बसला आणि ताट पुरं होईपर्यंत उठला नाही. बायकोने मला आत बोलावून विचारलं, याला ताप आहे का?

दुसऱ्या दिवसापासून त्याने रीत बदलली. गाडी आत आली की आधी किल्ली मागतो आणि शर्टाच्या खिशात टाकतो. म्हणाला, "रबर खिशात ठेवलं तरी गाडी जाते, भाऊजी." मला टोमणा होता की नाही, अजून कळलेलं नाही. मी स्टूल बाहेर हलवलं. आतलं काही मला कोणी विचारू नये.

आठ दिवसांनी बाई आल्या, पत्रा रुमालात गुंडाळून. भिंगरीने किल्ली घेतली, कव्हर बसवलं, पहिला फेरा केला. मग बाहेर येऊन मला म्हणाला, शंभर तुम्ही दाबा.

मी बसलो. गुडघा तिसाव्यालाच बोलायला लागला. बाई दाराशी उभ्या राहून मोजत होत्या. एक हलकं पडलं, ते त्यांनी धरलं नाही. शंभर झाल्यावर भिंगरी खाली शिरला. चारही स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरले. मी स्वतः बघितले, मग बोटाने रेटून पाहिले. हलले नाहीत.

"झालं?" बाईंनी मला विचारलं.

मी अजून एकदा दाबलं, आणि मग हो म्हणालो. तोवर भिंगरीने खिशातून किल्ली काढली नव्हती.